विहिरींच्या नोंदी आणि एक्झिफटूल

सातारा जिल्ह्यातल्या जुन्या विहिरी-बारवांची नोंद आमचा छोटा गट ठेवतो. लिंबची बारा मोटेची विहीर सगळ्यांना ठाऊक आहे; पण बांधाच्या कडेला, घाणेरीच्या झुडपांत बुजत चाललेल्या विहिरी कुणी लिहून ठेवायच्या? लोकेशन चालू असेल तर मोबाइलच्या फोटोत अक्षांश-रेखांश असतातच. ते बाहेर काढून, आमच्या वहीच्या पद्धतीने एका ओळीत एक विहीर, अशी टेक्स्ट फाइल मला हवी होती.

फिल हार्वे यांचं एक्झिफटूल, म्हणजे फोटोत दडलेली माहिती वाचणारं संगणकावरचं सॉफ्टवेअर, हे काम चोख करतं, तेही फुकट. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळीचा साचा लिहायचा: फाइलचं नाव, उभी रेघ, अक्षांश, रेखांश, तारीख. माहिती हवी तिथे डॉलरचं चिन्ह आणि टॅगचं, म्हणजे त्या माहितीच्या रकान्याचं, नाव. कमांडमधल्या 'पी' पर्यायाला हा साचा द्यायचा. 'आर' लावलं की आतले फोल्डरही धुंडाळले जातात. 'एन' मात्र लावाच, नाहीतर अंश-मिनिटं-सेकंद येतात. नकाशात भरायला दशांश आकडेच सोयीचे.

मला सगळ्यात भावलं ते हे: फोटोत लोकेशन नसेल तर ती ओळ गाळली जाते आणि तसा इशारा मिळतो. खोटं शून्य बसत नाही. चॅटवरून आलेल्या फोटोंतलं लोकेशन बहुधा पुसलेलं असतं, म्हणून गावकऱ्यांकडून मूळ फाइलच मागवा.

बटणं नाहीत, कमांड टाइप करावी लागते. सुरुवातीला जड जाईल. तरी पाचपैकी पाच. वाई-कोरेगावच्या मित्रांना मी माझा साचाच पाठवून दिलाय.