ढोलीतला खडा: शॉक, लेझर की पाठीतून?

कपाशीची वेचणी भरात होती आणि माझ्या मामेभावाची कूस दुखायला लागली. दोन वर्षांपूर्वीही दुखली होती. तेव्हा सोनोग्राफीत ‘किडनीत पाण्याची गाठ’ निघाली आणि घाबरायचं कारण नाही म्हणून त्याला घरी पाठवलं. मग खडा असेल म्हणून कुळथाचं पाणी, पानफुटीचा रस, खडा विरघळवायच्या गोळ्या सगळं झालं. खडा जागचा हलला नाही.

हलणार कसा? तो लघवीच्या वाटेत नव्हताच. किडनीत लघवी गोळा करणाऱ्या छोट्या वाट्या असतात. हजारात दोन ते सहा जणांना अशा एखाद्या वाटीच्या बाजूला, खोडात असते तशी ढोली असते, बहुतेक वेळा जन्मापासूनच. डॉक्टर तिला कॅलिसियल डायव्हर्टिक्युलम म्हणतात. तिचं तोंड फार अरुंद. ती स्वतः लघवी तयार करत नाही. वाटीतली लघवी उलटी आत शिरते, साचून राहते आणि तिथेच खडे धरतात.

म्हणून आधी तपासणीचं बोलू, कारण पुढचा सगळा निर्णय तिच्यावर उभा आहे. सोनोग्राफी तालुक्यालाच होते आणि स्वस्त पडते, पण ढोली आणि साधी गाठ तिच्यात सारखीच दिसू शकते. भावाला दुसऱ्या डॉक्टरांनी कूस बदलायला लावली, तसा पडद्यावर तळाचा पांढरा गाळ सरकला. शंका तिथे आली. साध्या सीटीत खडा नेमका दिसतो, ढोली कळेलच असं नाही. खरा उलगडा होतो औषध टोचून केलेल्या सीटीत, तेही दहा-पंधरा मिनिटांनी काढलेल्या उशिराच्या फोटोत: औषध वाटीतून ढोलीत उतरतं, साध्या गाठीत उतरत नाही. हा फोटो घेणार ना, हे आधीच विचारा, नाहीतर नागपूरची फेरी वाया. त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कितपत काम करते ते सांगणारी रक्ततपासणी, बघतातच.

आता इलाज. दुखत नसेल, इन्फेक्शन होत नसेल, किडनीला इजा नसेल, तर काहीच न करता लक्ष ठेवणं हाही इलाजच.

‘मशीननं फोडून टाका’ हा गावातला आवडता सल्ला. म्हणजे शॉक: बाहेरून लहरींचे धक्के देऊन खडा फोडायचा. यात चिरफाड नाही, त्याच दिवशी घरी. पण चुरा बाहेर पडणार कुठून, तोंड तर अरुंदच. दुखणं बऱ्याच जणांचं कमी होतं, ढोली रिकामी क्वचितच होते. मला हा पर्याय ढोलीसाठी फारसा पटत नाही.

लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून लेझर, म्हणजे आरआयआरएस: ढोली वर किंवा मधे आणि खडे साधारण दीड सेंटिमीटरच्या आत असले तर चांगला. तोंड सापडेना तर डॉक्टर निळं औषध सोडतात आणि निळा थेंब कुठून परत झिरपतो ते बघतात. तिथे लेझरने तोंड रुंद करायचं. तरीही तोंड सापडलंच नाही तर रिकाम्या हाताने परत. खालच्या भागातल्या ढोलीपर्यंत दुर्बीण नीट वळत नाही. शिवाय स्टेंट, म्हणजे लघवीच्या वाटेत आत ठेवलेली बारीक नळी, असतो: सारखी लघवीला लागते, वाकलं की कूस ओढते आणि तो काढायला आणखी एक फेरी.

ढोली पाठीच्या बाजूला आणि खडे मोठे, तर पाठीतून छिद्र पाडून केलेलं पीसीएनएल सगळ्यांत साफ काम करतं. सुई थेट ढोलीत. खडे काढून आतलं अस्तर जाळतात, म्हणजे ती मिटते. किंमतही आहे: रक्तस्राव, काही दिवस भरती, आणि सुई बरगडीच्या वरून गेली तर छातीत हवा किंवा पाणी शिरण्याचा धोका. ढोली पोटाच्या बाजूला असेल तर सुईला किडनीची सगळी जाडी ओलांडावी लागते, तिथे मोठ्या ढोलीसाठी पोटातून दुर्बिणीचं ऑपरेशन बरं.

नुसता खड्याचा आकार सांगून फोनवर सल्ला मागू नका. पुढे की मागे, वर की खाली, हे सीटी बघणाऱ्याकडून लिहून घ्या. महात्मा फुले योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे भरती होण्याआधी विचारा. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. मात्र थंडी वाजून ताप आला तर वेचणी, पैसे काही बघायचं नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा.

भावाची ढोली वर आणि मागे होती. त्याने पीसीएनएल केलं. खडे डबीत घालून गावात दाखवायला आणणार होता. अर्धे डॉक्टरांनी तपासणीसाठी ठेवून घेतले.