गरम होणारा टीव्ही ट्यूनर 'रिपेअर'ला दिला आणि २८,२०० ला बुडालो

आकडा आधीच सांगून टाकतो, नंतर सांगायला लाज वाटेल. ६,४०० रुपये यूपीआयने दिले आणि वर २१,८०० चं चालू टीव्ही ट्यूनर कार्ड स्वतःच्या हाताने नेऊन दिलं. एकूण २८,२००. आणि ज्या बिघाडापायी हे सगळं झालं तो बिघाड शेवटी २६० रुपयांत गेला.

मी कंप्युटरातला अडाणी नाही, हे आधी लिहितो, कारण घरातल्यांनी आणि ऑफिसातल्यांनी "तुला एवढं कळतं तरी कसा फसलास" म्हणून डोकं खाल्लंय. गोव्यात डिचोलीला घरी जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून चालतो, डेबियन म्हणजे लिनक्स, त्यावर टीव्हीहेडएंड हे टीव्ही बघायचं-रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर, आणि पीसीआय-एक्सप्रेस स्लॉटात चार ट्यूनरचं डीव्हीबी-एस२ कार्ड, म्हणजे डिशचा सिग्नल कंप्युटरात घेणारं. गच्चीवर डिश जीसॅट-१५ उपग्रहाकडे, म्हणजे ९३.५ अंश पूर्वेला, त्यावर चार आउटपुटचा एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा डबा), चार केबल खाली. दूरदर्शनच्या फ्री डिशचे फुकट चॅनल घरात कुठेही, आणि आईचं सह्याद्रीचं रेकॉर्डिंग. हे सगळं मी एकट्याने बसवलंय, कोणाला बोलावलं नव्हतं.

पाऊस सुरू झाला आणि चित्राचे चौकोन पडायला लागले. आधी वाटलं ढग. पण सिग्नल चांगला, एसएनआर म्हणजे सिग्नलचा दर्जाही चांगला, आणि तरी फेमॉन या सिग्नल दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये यूएनसीचा, म्हणजे दुरुस्त न झालेल्या चुकांचा, आकडा मीटरसारखा पळतोय. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, आयटूसी टाइमआउटच्या ओळीच ओळी, म्हणजे कार्डावरचे चिप वेळेत उत्तर देत नव्हते. साइड पॅनल काढून हीटसिंकला बोट लावलं तर चटका बसला. सेन्सर्स कमांड फक्त सीपीयूचं सांगते, ते ४५ च्या आसपास, कार्डावर सेन्सरच नाही, म्हणून ८९९ चं इन्फ्रारेड थर्मामीटर मागवलं, हीटसिंकवर ७४ अंश. समोर टेबलफॅन ठेवला की तासभर नीट चालायचं, बंद केला की परत चौकोन. आता सांगा, कार्डच गेलंय असं कोणाला वाटणार नाही? चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली होती, घर पाहुण्यांनी भरणार, आईचा रोजचा प्रश्न "दुरुस्त झालं काय?"

एका व्हॉट्सॲप ग्रुपवर म्हापशाच्या एकाचा नंबर मिळाला. स्वतःला सॅटेलाइट इंजिनियर म्हणवतो, छोटंसं दुकान, आत दोन मॉनिटर, हॉट-एअर गन, भिंतीवर डिश टांगलेल्या. बोलायला एकदम गोड, आदराने बाब-बाब करत. कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, "हे मॉडेल तापतंच बाब, डिझाइनचा फॉल्ट, थर्मल मॉड्यूल बदलावं लागेल." थर्मल मॉड्यूल! त्या कार्डावर हीटसिंक आहे, खाली पॅड आहे, मॉड्यूल बिड्यूल काही नाही. केबलबद्दल, एलएनबीबद्दल, गच्चीवरच्या कनेक्टरबद्दल त्याने एक शब्द विचारला नाही. डिशवाला आहे आणि केबलचं विचारत नाही, इथेच उठायला हवं होतं. जो माणूस बघण्याआधी पार्टचं नाव सांगतो त्याच्याकडे वस्तू ठेवू नका, चेकिंगचे पैसे गेले तरी चालतील.

१,५०० ॲडव्हान्स. मग ३,९०० 'इम्पोर्टेड मॉड्यूल'चे. मग १,००० 'लिनक्स ड्रायव्हर ट्यूनिंग'चे, जे मी सांगितलंच नव्हतं. बिल मागितलं तर "जीएसटीचं बिल पाहिजे तर १८ टक्के वर लागतील बाब". मी म्हटलं राहू दे. हे वाक्य पुढे प्रत्येक ऑफिसात माझ्या तोंडावर मारलं गेलंय, म्हणून सांगतो, बिल घ्याच.

आता तो क्षण. मी चार पोर्टना ओळखीसाठी बायकोच्या गुलाबी नेलपॉलिशचे ठिपके दिले होते, पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असे, आणि केबलच्या टोकांना तेच. काउंटरवर त्याने अँटिस्टॅटिक पिशवीतून कार्ड काढलं आणि पोर्ट कोरे. मी विचारलं, ठिपके कुठे गेले? "बोर्ड थिनरने वॉश केला बाब, सगळं क्लीन." ठीक. सिरियल नंबरचा स्टिकर किंचित तिरका, एक कोपरा उचललेला, खाली हवेचा फुगा. "हीट मारली ना, सुटला, परत लावला." हेही ठीक. पण मेटलच्या ब्रॅकेटवर स्क्रूच्या खाचेजवळ तपकिरी गंज होता. माझं कार्ड घरात, कपाटाच्या आत, कोरडं. थिनरने धुतलेल्या वस्तूला गंज चढतो की उतरतो? मी तो गंज नखाने खरवडला, खरंच खरवडला, नखाला तपकिरी लागलं, आणि कार्ड पिशवीत घालून घरी आलो. बाहेर धो धो पाऊस, शेवटची बस, मागे दोन गिऱ्हाइकं उभी, आणि तो इतका आत्मविश्वासाने बोलत होता की आपणच संशयी वाटायला लागतो. त्या नखाचा विचार करून मला अजून रात्री झोप येत नाही.

घरी लावलं तर डीव्हीबीच्या फोल्डरमध्ये अडॅप्टर ० आणि अडॅप्टर १, बस्स, म्हणजे चारांतले दोनच ट्यूनर. फोन केला तर म्हणाला, "लिनक्सचा प्रॉब्लेम आहे बाब, विंडोजवर चारही दिसतात, कर्नल अपडेट झाला असेल." हे लोक खोटं कसं बोलतात बघा, अर्धं खरं घालून. अशा कार्डांचे ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेरचे असतात आणि कर्नल अपडेट झाला की ते मोडतात हे खरंच आहे, मीच अनेकदा भोगलंय. म्हणून रात्रभर ड्रायव्हर परत कंपाइल करत बसलो. पहाटे डोक्यात आलं, ड्रायव्हर बसला नसता तर चारही गेले असते, दोन कसे चालतील? म्हणजे कार्डावरचे दोन डिमॉड (सिग्नल उलगडणारे चिप) मेलेले. एलएसपीसीआय या स्लॉटातली कार्डं दाखवणाऱ्या कमांडला मॉडेल तेच दिसत होतं, त्यामुळे तिथून काही कळेना.

मग जुने लॉग काढले. माझ्या कार्डाचा ड्रायव्हर बूट होताना मॅक ॲड्रेस, म्हणजे प्रत्येक कार्डाचा स्वतःचा वेगळा नंबर, छापतो. जर्नलसीटीएल या लॉग बघायच्या कमांडमध्ये मागच्या बूटचे कर्नल लॉग होते, ते आणि आजचे शेजारी शेजारी ठेवले. मॅक वेगळा. कार्ड माझं नाहीच, माझा स्टिकर लावलेलं दुसऱ्या कोणाचं तरी मेलेलं कार्ड. तुमच्याकडे असं कार्ड असेल तर आज उठा आणि मॅक लिहून ठेवा, बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, रिपेअरला देताना काउंटरवरच व्हिडिओ करा, समोरच्याला राग आला तर येऊ दे.

आणि व्हिडिओवरून. कार्ड परत द्यायच्या आदल्या दिवशी त्याने मला व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला होता, "बघा बाब, चारही ट्यूनर ओके". विंडोजच्या स्क्रीनवर चार हिरव्या पट्ट्या, मग कॅमेरा खाली कार्डावर येतो. पोर्टवर गुलाबी ठिपके. एक, दोन, तीन, चार. माझं कार्ड, चालू, त्याच्या टेबलावर. मी तेव्हा फक्त पट्ट्या बघितल्या आणि अंगठा पाठवला.

मूळ बिघाड काय होता तेही सांगतो. आलेलं कार्डही तसंच तापत होतं! म्हणून एकेक केबल काढून थर्मामीटर लावत बसलो. तिसरी काढली आणि पंधरा मिनिटांत ७१ वरून ५० वर. ट्यूनर केबलमधूनच एलएनबीला वीज देतो, १३ किंवा १८ व्होल्ट, पोलरायझेशनप्रमाणे. गच्चीवर तिसऱ्या केबलच्या एफ-कनेक्टरमध्ये पाणी शिरून आत हिरवट पीठ झालं होतं, करंट तिथून गळत होता आणि कार्डावरचा व्होल्टेज देणारा चिप तापून शेजारच्या सगळ्यांना तापवत होता. केबल दोन्हीकडून सोडवून मल्टिमीटर लावला तर मधली तार आणि जाळीमध्ये रेझिस्टन्स दाखवतोय, तिथे काहीच दाखवायला नको. ३५ चे चार कनेक्टर, १२० ची रबर टेप, झाले २६०. कार्ड तापलं की आधी केबल काढा आणि मग कार्डाकडे बघा. त्या माणसाला हे पहिल्या मिनिटाला कळलं असणार, शंभर टक्के.

आता आपली यंत्रणा. पोलीस स्टेशनात म्हटलं कार्ड बदललं, तर पहिला प्रश्न, ब्लॉक केलं का? म्हटलं एटीएमचं नाही हो, सॅटेलाइटचं. सॅटेलाइट म्हटल्यावर सगळे सरळ बसले, कारण गोव्यात टुरिस्टांकडे सॅटेलाइट फोन सापडतात आणि केस होते. मग माझीच चौकशी, डिश कसली, लायसन्स आहे का, किती घरांना कनेक्शन देतोस. फ्री डिशला लायसन्स! सरकारच फुकट देतंय! मॅक ॲड्रेसचे दोन प्रिंट पुढे ठेवले तर साहेब म्हणाले यात सही-शिक्का कुठे आहे. गुलाबी ठिपक्यांचा व्हिडिओ दाखवला तर कोपऱ्यातला एकजण हसला, "मिसेसची नेलपॉलिश काय?" शेवटी हे सिव्हिल मॅटर आहे, कंझ्युमरला जा. सिव्हिल कसं? माझी वस्तू ठेवून घेऊन दुसरी दिली, ही फसवणूक नाही तर काय, भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम कशाला आहे मग? "फाल्यां येयात (उद्या या), साहेब बघतील." फाल्यां गेलो तर साहेब बंदोबस्ताला.

बँकेत गेलो. पिन तुम्हीच टाकला ना, मग व्यवहार तुमच्या संमतीचा. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं जे परिपत्रक सगळे फॉरवर्ड करतात, कामाच्या तीन दिवसांत कळवा, पैसे परत, ते परवानगीशिवाय गेलेल्या पैशांसाठी आहे, आपण हाताने पाठवलेल्यांसाठी नाही. म्हणून अशा माणसाला ॲडव्हान्स देऊ नका, काम बघून द्या. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन तिथल्या तिथे करायचा असतो, माझ्यासारखं ड्रायव्हर कंपाइल करत बसायचं नाही.

ग्राहक आयोगाचं मात्र लक्षात ठेवा, ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. मी अर्ज टाकलाय. तिथल्या खिडकीवरचं पहिलं वाक्य, "बिल?" स्क्रीनशॉट, व्हॉइस नोट, व्हिडिओ सगळं जोडलंय, बघू. नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली ती "दुकान बंद" असा शेरा मारून परत आली. दुकान बंद नाही, मी जाऊन बघितलंय, शटर अर्धं खाली करून आत बसतो.

आणि गेल्या आठवड्यात जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत चार पोर्टचं तेच मॉडेल दिसलं, "वर्किंग, थर्मल सर्व्हिस्ड", १४,५००. फोटो झूम केला, पोर्टवर ठिपके नाहीत, पण तिसऱ्याच्या आट्यांमध्ये बारीक गुलाबी रेघ राहिलीय. फोटो घेऊन परत पोलिसांत गेलो, "फोटोवरून काही होत नाही." जाहिरात अजून आहे. कोणी घेऊ नका. घ्यायला गेलातच तर आधी लिनक्स टाकलेल्या मशीनवर लावा, मॅक बघा आणि मला कळवा, माझ्याकडे जुना लॉग आहे.