लग्नाचे फोटो की पक्ष्यांचे: किती ठेवायचे?

कर्वे रोडवरच्या कार्यालयातलं लग्न आणि भिगवणचे रोहित पक्षी, दोन्हीकडून कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड भरूनच घरी येतं. निवडीची रीत मात्र अगदी वेगळी.

लग्नात माझ्या मते तीन-चारांतला एक फोटो ठेवावा. मिटलेले डोळे, स्टेजवरच्या ग्रुपचे एकसारखे फोटो बिनधास्त उडवा. पण अंतरपाट दूर होताना मागे उभी आजी पदराने डोळे पुसत असेल आणि फोकस किंचित हुकला असेल, तरी तो ठेवायचाच. घरच्यांना त्यात आजी दिसते, फोकस नाही. शिवाय कुणाचाही मामा अल्बममधून सुटता कामा नये; त्यावरून पुढे वर्षभर बोलणी खावी लागतात!

भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर, इतकी माया करून चालत नाही. थवा उडाला की कॅमेरा सेकंदाला दहा-वीस फ्रेम घेतो आणि बहुतेक फ्रेम जवळजवळ सारख्याच. आधी शंभर टक्के झूम करून डोळा बघायचा. तो मऊ, म्हणजे धूसर असेल तर फोटो गेला. मग पंख: पूर्ण उघडलेले असले की गुलाबी-लाल आणि काळा रंग दिसतो, अर्धवट मिटले की सगळा डौल जातो. त्यात शेजाऱ्याची मान आडवी आलेली. शेकड्याला दोन-तीन उरले तर सकाळ सार्थकी लागली असं मी खुशाल समजतो.

लग्नाचं कार्ड मी दोनदा चाळतो, पक्ष्यांचं त्याच रात्री एकदाच.