पेडण्याच्या केरीत काही महिने राहिल्यावर

आधी हे बघा की मॅपवर नुसतं केरी टाकू नका. गोव्यात केऱ्या तीन, एक सत्तरीत चोर्ला घाटाखाली, एक फोंड्यात आणि आपली ही उत्तर टोकाच्या पेडणे तालुक्यातली, समुद्राची. माझ्याकडे येणारा एक मित्र आरामात घाटाच्या पायथ्याला पोचला होता!

हिवाळ्यात इथे भाड्याने खोली घेतली, काम लॅपटॉपवरचं, त्यामुळे सीझनची गर्दी, एप्रिल-मेचा घाम आणि आता पाऊस, सगळं बघून झालंय. चार-पाच दिवस शांत पडायचं असेल तर केरी मस्त, पण पार्टी हवी असेल तर शेजारच्या हरमलच्या दक्षिणेलाच थांबा, इथे रात्री कुत्रीसुद्धा लवकर झोपतात.

यायला मोपा विमानतळ पेडण्यातच, ट्रेनने थिवीला उतरा, तिथे जास्त गाड्या थांबतात. म्हापशाहून बस मिळते पण संध्याकाळी परतीची शेवटची कधी ते कंडक्टरलाच विचारून ठेवा. ओला-उबर गोव्यात नाही, त्यामुळे दुचाकी घ्याच, आणि काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, पांढऱ्या पाटीची कुणी स्वस्तात देतो म्हणाला तर पोलिसांना तुम्हालाच तोंड द्यायचंय.

आता मेन मुद्दा. इथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटी बघायची. समोर तेरेखोल गाव आणि त्याचा किल्ला, मध्ये नदी, आणि फेरीबोट. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, पाच-दहा मिनिटांत पलीकडे. पण पाणी फार उतरलं की बोट थांबते, आणि गंमत म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी ओहोटी पडते ती संध्याकाळी, म्हणजे नेमकं किल्ल्यावरून सनसेट बघून लोक खाली येतात तेव्हा. मग धक्क्यावर ही रांग, बाईकवाले हॉर्न वाजवतायत, बोटीवरचा माणूस निवांत. अष्टमीच्या सुमारास उलट, संध्याकाळी पाणी भरलेलं. रोजची वेळ साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज धरून चालत नाही. अडकलातच तर रेडी-आरोंदा-किरणपाणी पुलावरून फिरून या, कारण तेरेखोल गोव्याचं असलं तरी जमिनीने महाराष्ट्रालाच चिकटलेलं आहे.

किल्ला छोटा आहे, आत चर्च. मूळ सावंतवाडीच्या भोसल्यांचा, 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, आणि 15 ऑगस्ट 1954 ला सत्याग्रहींनी इथे तिरंगा लावला होता, म्हणजे गोवा मुक्त व्हायच्या सात वर्षं आधी. एवढं माहीत असलं की बघायला मजा येते, नाहीतर लोक वरून केरीचा फोटो काढतात आणि परत.

पोहायचं असेल तर नदीच्या मुखापासून लांब, ओहोटीला तिथलं पाणी माणसाला सरळ बाहेर ओढतं. वरून शांत दिसतं म्हणूनच भीती. लाल बावटा असेल तर गुडघाभर पाण्यातही नको, आणि पावसाळ्यात विषयच नाही.

खाण्याचं म्हणाल तर सकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंऽ पोंऽ ऐकू आला की पटकन बाहेर या, गरम पोळी (इथला पाव, आपली चपाती नव्हे) संपते. थाळीतला बांगडा, तिसऱ्या झकास, पण 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद, तेव्हा कुणी ताजा इसवण (सुरमई) म्हणून देत असेल तर तो कुठल्या बर्फातून आला ते विचारा. त्यापेक्षा सुक्या बांगड्याची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर) मागा, मला तर पावसात तीच जास्त आवडायला लागलीय. मेअखेर शॅक उतरवतात, म्हणजे किनाऱ्यावर चहासुद्धा नाही. आणि बाजारात मावशीशी मराठीत बोला, हिंदीत सुरुवात केलीत की भाव टूरिस्टचा.

जास्त दिवस राहणार असाल तर ॲडव्हान्स द्यायच्या आधी नळाचं पाणी पिऊन बघा. मला पाणी एकदम गोड आहे असं सांगितलेलं, मार्चपासून मचूळ यायला लागलं, घरमालक म्हणतात वापरून सवय होते, झाली नाही. रेंज खोलीच्या आतून तपासा, अंगणातून नाही. खाऱ्या वाऱ्याने बाईकची चेन गंजते, दर आठवड्याला तेल. जूनमध्ये चामड्याच्या चपलांवर बुरशी, लॅपटॉपच्या बॅगेत सिलिकाच्या पुड्या ठेवा.

चवथीला मात्र येऊ नका, कुणाच्या घरचं बोलावणं असल्याशिवाय. सगळं गाव आपापल्या गणपतीत, हॉटेलं बंद, गॅरेजवाला गावाला, पंक्चर झालं तरी ढकलत हरमलला.