तीन पट्ट्यांचं आर्मगार्ड, जाड कपड्यांवर: पूर्ण हंगाम वापरल्यानंतर

आर्मगार्ड म्हणजे स्ट्रिंगचा (धनुष्याच्या दोरीचा) फटका बसू नये म्हणून धनुष्य धरलेल्या हातावर कोपराखाली बांधायची प्लेट. शिकारीच्या हंगामभर वापरलेल्या माझ्या आर्मगार्डच्या मधल्या पट्ट्याची शिवण उसवली म्हणून हे लिहायला बसले, नाहीतर ‘ठीक आहे, चालतंय’ यापलीकडे माझं काही मत नव्हतं. प्लेट अजून नवीकोरी आहे. ना तडा, ना ओरखडा. त्यामुळेच चीड जास्त येते. इतक्या टिकाऊ प्लेटला असले पट्टे लावायची काय गरज होती?

वर्णन करत बसत नाही. जाळीदार प्लास्टिकची साधारण सात इंची प्लेट, तीन इलॅस्टिक पट्टे, टोकाला हुक-लूप (वेल्क्रो). असली डझनभर मॉडेलं मिळतात आणि रंग सोडला तर त्यांच्यात फरक शोधावा लागतो. माझं धनुष्य साठ इंची रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं), ब्रेस हाइट, म्हणजे न ताणलेल्या स्ट्रिंगचं मुठीपासूनचं अंतर, आठ इंचांच्या आसपास. कंपाउंडवाल्यांकडे (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) सुटलेली स्ट्रिंग अडवणारा स्ट्रिंग-स्टॉप असतो, त्यांना फटक्याची भीती कमी. पण बाहीची कटकट त्यांनाही आहेच.

टी-शर्टवर सराव करताना आर्मगार्ड कातडी वाचवतं. थंडीत आतला थर, त्यावर लोकर, त्यावर जॅकेट असताना हाताला फटका फारसा जाणवतच नाही, तो बसतो बाणाला. फुगलेल्या बाहीला स्ट्रिंग नुसती घासली तरी बाण भरकटतो, आणि वेग गेल्यामुळे खालीही लागतो. टारगेटवर दोन गुण जातील. जनावरावर मात्र तोच बाण पोटात बसतो आणि मग रात्रभर रक्ताचा माग काढत फिरायचं. तेव्हा हंगामासाठी घेताना पॅडिंग किती आणि प्लेट किती जाड हे विचारू नका. बाही आवळून धरतं का, एवढंच विचारा.

आता माप. माझा हात कोपराखाली उघडा मोजला तर २७ सेंटिमीटर भरतो, सगळे कपडे चढवून ३६. मनगटाशी १७ चे २४ होतात. डब्यावर लिहिलं होतं ‘३८ सेंटिमीटरपर्यंत’. खोटं नाही, पण त्यात मेख आहे. ३६ ला वरच्या पट्ट्याचा हुकाचा भाग लूपवर जेमतेम दोन सेंटिमीटर टेकतो, उरलेला हवेत. तो हवेतला भाग जॅकेटच्या लोकरीत जाऊन बसतो, धागे ओढतो, आणि महिन्याभरात हुकांमध्ये लोकरीची गादी तयार. मग पकड काय राहणार? तेव्हा माप कपड्यांवरून घ्या, हात धनुष्य धरल्यासारखा ताठ करून, दोन ठिकाणी: मनगटाच्या वर चार बोटांवर आणि कोपराच्या घडीखाली. ते माप पट्ट्याच्या कमाल लांबीला टेकत असेल तर ते मॉडेल सोडून द्या. मधोमध कुठेतरी आलं पाहिजे.

इथपर्यंत कोणीही सांगेल. माझं खरं भांडण आवाजाशी आहे.

चर्रर्र. तीन पट्टे, तीनदा चर्रर्र. घरात हातावर घालून बघताना हा आवाज ऐकूच येत नाही. पहाटे मचाणावर, वारा पडलेला असताना, तो अर्ध्या जंगलाला ऐकू जातो असं वाटतं. यावर ‘मग खालूनच घालून चढा’ असा सल्ला हमखास येतो, आणि तो देणारा थंडीत मचाणावर बसलेला नसतो. चढताना जॅकेट घालत नाहीत. घाम आला की तासाभरात तोच घाम तुम्हाला गोठवतो. पातळ कपड्यांत चढायचं, वर बसून थोडं निवायचं आणि मग जॅकेट चढवायचं. आर्मगार्ड जॅकेटवर जातं, म्हणजे ते वरच घालावं लागणार: अंधारात, हातमोज्यातून, आणि एकाच हाताने, कारण दुसऱ्या हातावर तर ते चढवायचंय. बाहेरच्या खाचेतून पट्टा ओवायचा, ताणायचा, चिकटवायचा. वाकडा चिकटला की उचकटायचा, की पुन्हा चर्रर्र. शिवाय थोडा वेळ बसलं की जॅकेटमधलं भरण दबतं, पट्टे सैल पडतात, आर्मगार्ड कापडावरून फिरून हाताखाली जातं. ते जागेवर आणून पुन्हा आवळायचं, तेही नेमकं उजाडताना, जेव्हा हरणं हलायला लागतात.

गंमत म्हणजे हे हुक-लूप शिकारीतूनच जन्माला आलं. १९४१ साली जॉर्ज द मेस्त्राल हा स्विस इंजिनिअर शिकारीहून परतला, तेव्हा कुत्र्याच्या केसांत आणि त्याच्या कपड्यांत काटेरी बोंडं अडकली होती. ती त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि कल्पना उचलली. बोंडं निदान आवाज तरी करत नाहीत.

हिमकण पडले की आणखी मजा. लूपमध्ये बर्फ भरतो आणि पट्टा चिकटतच नाही. त्या दिवशी आवाज नाही, पण आर्मगार्डही नाही.

एक तक्रार मात्र मागे घेते. हंगामाच्या सुरुवातीला मी सगळ्यांना सांगत होते की सात इंच लांबी अपुरी आहे, कोपरावरून जाणारं लांब मॉडेल घ्या. नंतर एकीच्या सांगण्यावरून स्ट्रिंगला खडूची पूड चोळली, सगळे कपडे चढवले आणि रोजच्यासारखा बाण मारला. (बाण लावूनच. रिकामी स्ट्रिंग सोडाल तर धनुष्याची वाट लागेल.) पांढरी रेघ उमटली ती प्लेटच्या वरच्या कडेपलीकडे, जिथे आवळलेली बाही एकदम फुगून बाहेर येते तिथे. मनगटाकडच्या तीन इंचांवर खडूचा कणही नव्हता. फोटोत आर्मगार्ड मनगटाला टेकवून दाखवतात, पण जॅकेटवर ते चार बोटं वर सरकवायचं. सरकवल्यावर रेघ प्लेटवरच आली. लांब मॉडेलची गरज उरली नाही. बाहीचं तोंड हातमोज्याच्या लांब कफात खोचलं की खालची बाजूही मिटली. अर्थात ब्रेस हाइट याहून कमी असेल तर स्ट्रिंग मनगटाच्या जवळ येते आणि हे गणित बदलतं. आपापली खडूची रेघ बघून घ्या.

आता पट्टा. फोटो काढून कंपनीला पाठवले. उत्तर आलं की ही ‘वापरातील नेहमीची झीज’ आहे, वॉरंटी फक्त प्लेटवर. बरं, मग पट्टा विकत द्या. सुटा पट्टा विकत नाहीत. मी विचारलं, तीन पट्ट्यांपैकी एक उसवला तर चांगली प्लेट कचऱ्यात टाकायची का? त्यावर नव्या आर्मगार्डवर सवलतीचं कूपन आलं. म्हणजे तसल्याच शिवणीसाठी मी पुन्हा पैसे मोजायचे! तो मेल मी दोनदा वाचला आणि कात्री घेऊन उरलेले दोन पट्टेही कापून टाकले.

मग तीन मिलिमीटरची इलॅस्टिक दोरी घेतली आणि प्लेटच्या सहाही खाचांतून बुटाच्या नाडीसारखी तिरकी ओवली. वरच्या टोकाला गाठ, खालच्या टोकाला स्प्रिंगचं टॉगल, जॅकेटच्या कमरेला असतं तसलंच. एका जुन्या सॅकवरून काढलं. आता हात सरळ आत सरकवायचा, दोरीचं टोक दातात धरायचं, दुसऱ्या हाताने टॉगल दाबून पुढे ढकलायचं. झालं. आवाज नाही. कोपराशी जाड आणि मनगटाशी बारीक असा हाताचा उतार दोरी आपोआप सांभाळते, कारण ती खाचांतून सरकून ताण सारखा करून घेते. भरण दबलं तरी इलॅस्टिक मागोमाग आकसतं, त्यामुळे पुन्हा आवळावं लागत नाही. पट्ट्यांना तीन वेगळे ताण द्यावे लागायचे, ते प्रकरणच संपलं.

दोन गोष्टी सांभाळा. टॉगल हाताच्या बाहेरच्या अंगाला ठेवा आणि दोरीचं उरलेलं टोक आत खोचा. ते लोंबत राहिलं तर स्ट्रिंग त्यातच अडकेल आणि सगळी मेहनत पाण्यात. दुसरं, कचकचून आवळू नका. भरणातली हवा निघून गेली की हात गार पडतो, रक्त अडलं की बोटं बधिर होतात आणि धनुष्याची मूठ कळेनाशी होते. बाही फुगत नाही इतपत पुरे.

तर घ्यावं का? फक्त उघड्या हातावर किंवा एका पातळ बाहीवर मारणार असाल तर खुशाल घ्या, प्लेट खरंच चांगली आहे. हंगामासाठी घेणार असाल तर ज्याला आधीच दोरी किंवा बुटांवर असतात तसले धातूचे आकडे आहेत असं कातडी आर्मगार्ड बघा. आकड्याला फक्त दोरीचा फास अडकवायचा असतो. लोकरीच्या बाहीवर मात्र आकडे धागे ओढतात, तेव्हा वरचं कापड गुळगुळीत हवं. आणि हेच मॉडेल आधीपासून घरात असेल तर पट्टे उसवायची वाट कशाला बघता, आजच कापा.

कूपन कोणाला हवं असेल तर सांगा. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.