गुडघे टेकता येतील अशी पॅन्ट: बेळगाव कॅम्पातल्या एका शिंप्याकडचा अनुभव

गेल्या मे महिन्यात एका नातलगाच्या लग्नाच्या मिस्सेत, म्हणजे आम्हा कॅथलिकांच्या चर्चमधल्या उपासनेत, माझ्या धाकट्या मुलाने वेदीसमोर रीतीप्रमाणे उजवा गुडघा टेकवला आणि त्याच क्षणी त्याच्या नव्याकोऱ्या, अंगाला घट्ट बसणाऱ्या तयार पॅन्टची मागची शिवण एवढ्या आवाजाने उसवली, की शेजारच्या बाकावरच्या दोन मावश्यांनी वळून पाहिले. उरलेला सगळा विधी त्याने गीतांचे पुस्तक पाठीमागे धरून पार पाडला. पॅन्ट महाग होती आणि कापडातही खोट नव्हती. ती आरशासमोर उभे राहून पाहण्यासाठी शिवलेली होती, एवढाच तिचा दोष. म्हणून थोरल्या मुलाचे लग्न जानेवारीत ठरले, तेव्हा घरातल्या सगळ्या पुरुषांचे कपडे मापाचेच शिवून घ्यायचे आम्ही ठरवले आणि ओळखीतल्या एका गृहस्थांच्या सांगण्यावरून कॅम्पातल्या या शिंप्याकडे गेलो.

दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण मास्तरांनीच तशी विनंती केली आहे. आहेत त्याच गिऱ्हाइकांची कामे वेळेवर होत नाहीत, त्यात आणखी भर नको, असे त्यांचे म्हणणे आणि ते किती खरे आहे, हे पुढे येईलच. दुकान जेमतेम दहा फूट रुंद असून त्यात दोन शिलाई यंत्रे, एक कटिंगचे टेबल आणि भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी विठोबाची तसबीर आहे. मास्तर स्वतः हिंदू शिंपी. १९५३ साली बेळगाव धर्मप्रांत (एका बिशपांच्या अखत्यारीतला चर्चचा विभाग) स्थापन झाला, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आपल्या आजोबांनी हे दुकान थाटले, असे ते सांगतात. तीन पिढ्या चर्चला जाणारी गिऱ्हाइके सांभाळल्यामुळे आमच्या उपासनेत माणूस केव्हा उठतो, केव्हा बसतो आणि केव्हा गुडघे टेकतो, हे त्यांना आमच्यातल्या कित्येकांपेक्षा अधिक नेमके ठाऊक आहे.

टेप हातात घेण्यापूर्वी त्यांनी पहिला प्रश्न केला तो असा: ‘‘साहेब, कुठल्या चर्चला जायलाय?’’ मला वाटले, सहज चौकशी असेल. पण उत्तर ऐकून त्यांनी मापाच्या वहीत नावापुढे एक खूण केली आणि दुसरा प्रश्न विचारला, ‘‘बाकं आहेत का सतरंजी?’’ मग आम्हा बापलेकांना त्यांनी दुकानातल्या दुकानात एकेका गुडघ्यावर आणि मग दोन्ही गुडघ्यांवर बसायला लावले. रस्त्यावरून जाणारे थांबून पाहू लागले होते, तरी मास्तर शांतपणे पाठीमागून बैठकीचे माप घेत राहिले. आजवर अनेक शिंप्यांकडे कपडे शिवले, परंतु गुडघ्यावर बसवून माप घेणारा शिंपी मी पहिल्यांदाच पाहिला.

या दुकानाचे मोल समजण्यासाठी एक अडचण लक्षात घ्यायला हवी. चर्चमध्ये पुरुषाने काय घालावे, हे आपल्याकडे बहुधा कोणी लिहून ठेवत नाही. दाराशी लावलेल्या सूचनेत स्त्रियांच्या बाह्या, गळा आणि ओढणी यांविषयी चार ओळी असतात; पुरुषांच्या वाट्याला ‘सभ्य पोशाख करावा’ एवढे अर्धे वाक्य येते. हाफ पॅन्ट नको, थ्री-फोर्थ नको, छातीवर चित्र किंवा मजकूर छापलेला टी-शर्ट नको, पुढे जाऊन वाचन करणाऱ्याचा शर्ट खोचलेला हवा, डोक्यावर काही नको, हे सारे त्या अर्ध्या वाक्यात गृहीत असते आणि ते आपण चुकल्यावरच ज्येष्ठांच्या भुवयांवरून कळते. माझ्या पिढीने हे वडिलांच्या हातून कान पिळून घेऊन शिकले. आताच्या मुलांचे कान कोणी पिळत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे, पण मग त्यांना सांगायचे कोणी, हा प्रश्न उरतो. मास्तर ते काम न बोलता, कात्रीने करतात.

पॅन्टबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यांची खरी कारागिरी तेथेच दिसते. उभ्या माणसाला नीट बसणारी पॅन्ट गुडघे टेकताना तीन ठिकाणी ओढली जाते: मागे बैठकीत, मांडीवर आणि गुडघ्यावर. म्हणून त्यांनी मागची बैठक नेहमीपेक्षा खोल कापली, मांडीत पुढून एकेक चुणी ठेवली आणि गुडघ्याच्या खालपर्यंत आतून मऊ अस्तर लावले, ज्यामुळे कापड घामाने त्वचेला चिकटत नाही आणि बाकाच्या गुडघे टेकायच्या पाटीवर घासून गुडघ्याला चकाकीही येत नाही. मागच्या शिवणीला दुहेरी टाके घालून आत दीड इंच कापड राखले, म्हणजे पोट सुटल्यावर पॅन्ट सैल करता येईल. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, तर नवऱ्या मुलाकडे पाहिले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पायांची मोहरी मात्र त्यांनी मुलाच्या आवडीप्रमाणे अरुंदच ठेवली. तरुणांच्या फॅशनशी भांडण न करता फक्त बैठकीपुरता आपला हेका चालवायचा, ही त्यांची पद्धत मला फार शहाणपणाची वाटली.

शर्टाचा घेर त्यांनी बेताचा ठेवून लांबी तीन इंचांनी वाढवली, कारण गुडघ्यांवरून उठताना शर्ट पॅन्टमधून बाहेर येतो आणि मग प्रसाद घ्यायला रांगेत निघालेला माणूस एका हाताने शर्ट खोचत चालतो, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिलेले आहे. कोटाला मागे एकच चीर असेल, तर गुडघे टेकल्यावर ती पडद्यासारखी उघडते. दोन्ही बाजूंना चिरा असतील, तर मधला पल्ला झाकण म्हणून खाली राहतो. नवरा मुलगा अख्ख्या मंडळीकडे पाठ करून गुडघ्यावर असतो, म्हणून त्याच्या कोटाची पाठ पुढच्या भागापेक्षा महत्त्वाची, हे मास्तरांचे म्हणणे मी तरी पूर्वी कोणाकडून ऐकले नव्हते. मुंढा, म्हणजे काखेपाशी बाही जोडतात तो घेर, त्यांनी थोडा वर घेतला. त्यामुळे हात जोडले किंवा वर उचलले, तरी सगळा कोट खांद्यावर चढत नाही.

माझे मेहुणे मेथडिस्ट या प्रोटेस्टंट मंडळीतले. त्यांनीही उत्साहाने एक सूट शिवायला टाकला, तेव्हा मास्तरांनी त्यांच्यासाठी बैठक वेगळी काढली. त्यांच्या उपासनेत उभे राहणे व बसणे अधिक असते आणि प्रभुभोजनाच्या (भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) वेळी तेवढे कठड्याशी गुडघे टेकायचे असतात. उलट बसण्याचा वेळ मोठा आणि प्रवचन लांब, म्हणून कोटाचे खालचे बटण उघडे ठेवून बसले तरी पुढचे पल्ले चुरगळणार नाहीत असे कापड त्यांना सुचवले. प्रवचनाच्या लांबीवरून कापड ठरते, हे ऐकून मेहुणे दिवसभर हसत होते. खानापूर तालुक्यात आमच्या मूळ गावी तर चपला बाहेर काढून सतरंजीवर मांडी घालून बसावे लागते. तेथे बूट निरुपयोगी आणि भोक पडलेला मोजा सर्वांत मोठा शत्रू. शहरात शिवलेला सूट घालून तेथे गेलेला माणूस तासाभरात कसा अवघडतो, याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे.

याच गावाहून आमचे काका लग्नाला येणार होते. वय ऐंशीच्या पुढे, धोतर, नेहरू शर्ट आणि पांढरी टोपी हा त्यांचा आयुष्यभराचा पोशाख. टोपीचा प्रश्न आमच्याकडे वाटतो तितका सोपा नाही. आपल्या मराठी रीतीत वडीलधाऱ्या माणसाने चारचौघांत बोडक्या डोक्याने वावरणे अशोभनीय. शेजारच्या देवळात लोक टोपी किंवा फेटा घालूनच देवापुढे उभे राहतात, कारण डोके झाकणे हाच तेथे आदर. चर्चमध्ये नेमके उलट. प्रार्थना करताना पुरुषाने मस्तक झाकू नये, असे बायबलात पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायात म्हटले आहे, आणि १९१७ च्या कॅथलिक धर्मविधिसंहितेत तर पुरुषांनी उपासनेत उघड्या डोक्याने राहावे, असा स्पष्ट नियमच होता. १९८३ च्या नव्या संहितेतून तो नियम गळाला, पण रूढी तशीच राहिली. महागुरुस्वामी, म्हणजे बिशपसुद्धा, मिस्सेच्या मुख्य प्रार्थनेच्या वेळी डोक्यावरचा किरीट आणि त्याखालची छोटी टोपी उतरवतात, मग काका कसे सुटणार?

काकांचा आक्षेप नियमाला नव्हता. टोपी काढायला ते तयारच असत. काढलेली टोपी ठेवायची कुठे, हा त्यांचा पेच होता. हातात धरली, तर हात जोडता येत नाहीत. बाकावर ठेवली, तर कोणीतरी तिच्यावर बसतो. धोतराला खिसा नाही, आणि नेहरू शर्टाच्या खिशात कोंबली, तर तिची घडी मोडते. हे ऐकल्यावर मास्तरांनी काकांच्या बंडीला आतून डाव्या बाजूस घडी घातलेल्या टोपीच्या मापाचा लांबट खिसा शिवला आणि टोपीचे टोक वर दिसू नये म्हणून त्यावर झाकण दिले. या खिशाचे त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत. साठ वर्षे चर्चला जाणाऱ्या माणसाची अडचण एका दुपारी सुटली. बंडी अंगात घातल्यावर डाव्या बाजूला किंचित फुगवटा दिसतो, हा दोष मला सांगितलाच पाहिजे. पण काकांना तो दिसत नाही आणि दिसला तरी चालेल, अशी त्यांची भूमिका आहे.

कापडाच्या निवडीत मास्तर गिऱ्हाइकाला खर्चात पाडत नाहीत. धाकट्याने चमकणारे काळे कापड पसंत केले होते. त्यांनी ते उन्हात नेऊन दाखवले आणि हे मंडपात शोभेल, चर्चच्या खिडकीतून आलेल्या उजेडात मात्र डोळ्यांत भरेल, असे सांगून गडद निळे, टेरी-वूलचे कापड पुढे ठेवले. त्याला पूर्ण सूटची गरजच नाही, पॅन्ट आणि शर्ट पुरे, हेही त्यांनीच सांगितले. सोन्याची अंगठी आणि भपकेदार वस्त्रे घालून आलेल्याला मानाची जागा द्यायची आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी बसवायचे, याबद्दल याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात जी कानउघाडणी आहे, ती आमच्या मंडळीत अधूनमधून वाचली जाते. पण तिच्यानुसार स्वतःचा धंदा कमी करणारा माणूस मला या दुकानात भेटला. शिलाई पॅन्टची ६०० रुपये, शर्टाची ४०० आणि सूटची ५,२०० रुपये पडली. कापड वेगळे. बिल साध्या कागदावर मिळते.

शेजारीच एक केशकर्तनालय आहे, त्याविषयी थोडक्यात. आपल्याकडे बरेच लोक शनिवारी केस कापत नाहीत, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी तेथे प्रामुख्याने उद्याच्या मिस्सेची गिऱ्हाइके असतात आणि फार थांबावे लागत नाही. थोरल्याने वाढवलेली दाढी काढायची की ठेवायची, यावर घरात आठवडाभर वाद चालला होता. कारागिराने ती काढली नाही, फक्त गळ्याखालची रेघ साफ करून गालांवर नीट आखून दिली, आणि वाद करणाऱ्या दोन्ही पक्षांना आपण जिंकलो असे वाटले. तक्रार एकच. नको म्हणून बजावले असतानाही त्यांनी शेवटी सुगंधी द्रव्याचा भरपूर फवारा मारला. चर्चमध्ये धुपाचा वास आधीच असतो, त्यात दाटीवाटीने बसलेल्या दमेकऱ्यांचा विचार करता पुरुषांनी अत्तरापासून दूर राहिलेले बरे.

आता शिंप्याकडच्या विलंबाविषयी. कामे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिली होती आणि डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी मिळणार होती. नाताळच्या आधीच्या आगमनकाळात आमच्याकडे शक्यतो लग्ने होत नाहीत, पण नाताळची शिलाई तेव्हाच उसळते. आणि नाताळ संपला, की राखेच्या बुधवारापर्यंत, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होईपर्यंत, सगळी लग्ने एकावर एक येतात. या दोन लाटांच्या मध्ये मास्तर सापडतात, हे मान्य. तरीही प्रत्येक खेपेस ‘सोमवारी नक्की’ असे सांगून पाच सोमवार घालवणे योग्य नव्हे. फोन उचलला जात नाही; टिळकवाडीहून मी सहा फेऱ्या मारल्या. दोनदा ट्रायल झाली, त्यात धाकट्याच्या पॅन्टची कंबर सैल निघाली. सूट लग्नाच्या आदल्या रात्री नऊ वाजता हातात पडला, तोही काजे तपासायला वेळ नसताना, आणि एक बटण खरोखरच ढिले होते. ज्यांचे मन लवकर अस्वस्थ होते, त्यांनी कपडे तीन महिने आधी टाकावेत किंवा येथे जाऊच नये.

लग्नाच्या दिवशी एकही शिवण उसवली नाही. धाकट्याने वेदीसमोर गुडघा टेकताना एकदा मागे हात नेला, पण ती जुनी सवय असावी. मिस्सा संपल्यावर काका पायऱ्यांवर आले, त्यांनी बंडीतून टोपी काढली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि मगच फोटोला उभे राहिले. त्यांना आता तसाच खिसा असलेली दुसरी बंडी हवी आहे. माप मास्तरांच्या वहीत आहेच. सोमवारी मिळेल, असे त्यांनी सांगितले आहे.