जँगोची परमिशन सिस्टीम: पतसंस्थेच्या ॲपवर वापरल्यानंतर

आमच्या टीमनं एका पतसंस्थेसाठी वेब ॲप केलं. कॅशियर, शाखाधिकारी, ऑडिटर सगळे त्याच कर्जाच्या स्क्रीनवर येतात पण प्रत्येकाला करता येणारं काम वेगळं. त्यासाठी बाहेरचं काही न घेता जँगोत (पायथनमध्ये वेब ॲप बनवायचं फ्रेमवर्क) जे आयतं मिळतं तेच वापरलं आणि खरं सांगतो, मी जाम खूश आहे.

मॉडेल (डेटाबेसमधल्या टेबलाचा आराखडा) लिहून मायग्रेट केलं, म्हणजे डेटाबेसवर उतरवलं, की ॲड, चेंज, डिलीट, व्ह्यू अशा चार परमिशन आपोआप तयार होतात. व्ह्यू आली २०१८ मध्ये, २.१ व्हर्जनला, आणि ऑडिटरसाठी तीच लाखमोलाची, कारण त्याला सगळं दिसलं पाहिजे पण एकाही आकड्याला हात लागता कामा नये. कर्जमंजुरीसारखी वेगळी परमिशन हवी असेल तर मॉडेलच्या मेटामध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या भागात, एक ओळ टाकायची, झालं.

ॲडमिनमध्ये (जँगोसोबत येणारी व्यवस्थापनाची स्क्रीन) एकेक परमिशन निवडत बसू नका, एवढं मात्र कळकळीनं सांगतो. आम्ही एक मॅनेजमेंट कमांड (टर्मिनलवरून चालवायची स्क्रिप्ट) लिहिली, त्यात कॅशियर, ऑडिटर अशा कुठल्या ग्रुपला कुठल्या परमिशन हे एका डिक्शनरीत, आणि शेवटी त्या ग्रुपवर परमिशन्स.सेट. सेट यादीत आहे तेवढंच ठेवतो, त्यामुळे कुणी घाईत कॅशियरच्या ग्रुपला डिलीट देऊन ठेवलं असेल तर पुढच्या डिप्लॉयला ते निघून जातं. आधी मी हे डेटा मायग्रेशनमध्ये (मायग्रेट करतानाच डेटा भरणारी फाइल) टाकलेलं, माझ्या लॅपटॉपवर मस्त चाललं आणि कोऱ्या डेटाबेसवर आपटलं, कारण परमिशनच्या नोंदी मायग्रेशन सगळी संपल्यावर पोस्ट-मायग्रेट सिग्नलला (मायग्रेशन संपल्याची जँगोची सूचना) पडतात. अर्धा दिवस गेला त्यात.

टेस्ट लिहिताना अजून एक, युजरला ग्रुपमध्ये टाकलं तरी हॅज_पर्म (युजरला परमिशन आहे का हे तपासणारं फंक्शन) फॉल्सच देतो, कारण आधी एकदा तपासलं असेल तर त्या ऑब्जेक्टनं परमिशन स्वतःजवळ धरून ठेवलेल्या असतात. डेटाबेसमधून माहिती ताजी करणाऱ्या रिफ्रेश_फ्रॉम_डीबीनं पण ते जात नाही, युजर डेटाबेसमधून नव्यानं आणायचा.

कमी पडतं ते एकाच ठिकाणी. शाखाधिकाऱ्याला फक्त आपल्या शाखेची कर्जं दिसावीत, हे यात बसत नाही, हॅज_पर्मला कर्जाचा ऑब्जेक्ट दिला तर डीफॉल्ट बॅकएंड (परमिशन तपासणारा जँगोचा आयता भाग) सरळ फॉल्स देतो. जँगो-गार्डियन नावाचं बाहेरचं पॅकेज आहे त्यासाठी, पण आमचा नियम साधा होता म्हणून क्वेरीसेटलाच (डेटाबेसमधून कर्जं आणणारी क्वेरी) शाखेचा फिल्टर लावला.

आणि सुपरयुजरला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या लॉगिनला, कुठलीच परमिशन आडवी येत नाही, तेव्हा सोयीसाठी म्हणून तो दर्जा कुणालाही देऊ नका. आमच्याकडे असं एकच लॉगिन आहे आणि त्यातून रोजचं काम कुणी करत नाही.